गोवराचे डाग

दिवेलागणीला पुढ्यातलं ताटसुद्धा मला दिसेनासं झालं, तेव्हा कुठे नवरा मला डोणगावहून बुलढाण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सोबत माझी लेक आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि माझी सासूही तीच. भावाची मुलगी सून करून आणायची आमच्याकडे रीतच आहे.

डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, कपाळाला दिवा बांधून आत पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या कडेला काळे डाग होते. त्या म्हणाल्या, "दोन आजार दिसायला असेच असतात. लहानपणी गोवर डोळ्यांत उतरला असेल, तर हे त्याचे जुने डाग, आता वाढायचे नाहीत. दुसरा घराण्यातून येतो. तो हळूहळू नजर खात जातो, आणि मुलांनाही होऊ शकतो. घरात कुणाला रातांधळेपणा आहे?"

"नाही बा!" आत्या ताडकन म्हणाली. "आमच्या घराण्यात कोणाले काही नाही. हिले लहानपणी लय गोवर निघाला होता. तोच हा."

माझा जीव भांड्यात पडला. गोवर तर गोवर! माझं व्हायचं ते झालं, लेक तर सुटली.

पण मेलं डोकं माझं, गप्प बसेना. अंधार पडल्यावर आत्या कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. वरातीला जावंच लागलं तर माझा दंड धरून चालते, वर म्हणते, "गुडघे दुखतात वं." आमच्याकडे पाहुणे स्थळ बघायला आले की पहिलं हेच विचारतात, घराण्यात काही खोड आहे का? त्याला उत्तर एकच, नाही बा. जन्मभर तेच घोकलेली बाई डॉक्टरलाही तेच सांगणार की! असा संताप आला मला. इथे काय सोयरीक जुळवायला आलो होतो?

"आत्याचेही डोळे पाहा," मी म्हटलं.

"मले काऊन? मले काय झालं?" ती उठूनच चालली. नवऱ्याने तिला खांदे धरून बसवलं. थेंब पडले. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तेच डाग आहेत. हा गोवर नाही."

आत्या रडायला लागली. "तुह्या बापालेही होतं वं," ती मला म्हणाली. "सांगतलं असतं तर तुले कोणी पदरात घेतलं असतं? म्हणून तर मी तुले माह्याच घरी आणलं."

तिला बोल लावायला माझी जीभ रेटेना, आणि माफ करायला मन होईना.

"आता मुलीला पाहू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी मोठा दिवा मालवला. कोपऱ्यात बारका दिवा तेवढा होता म्हणे, धड नजरेला पुरेल एवढा. मला आणि आत्याला तो नसल्यातच जमा. "बेटा, त्या खुर्चीवर जाऊन बस."

लेकीची पावलं ऐकू आली. मग स्टूल धाडकन पडलं.

"आई," ती म्हणाली, "खुर्ची कुठं आहे?"