नाइटवाल्याची झोप आणि एक मॅग्नेटार

नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा भिलाईच्या आमच्या सेक्टरमधला कायदा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. ते सकाळी येऊन झोपले की आई कुकर लावत नसे, भाजीवाल्याला हाताच्या खुणेनंच पुढे पाठवी, आणि आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा कुजबुजत. अपवाद एकच, ब्रेकडाउन, म्हणजे प्लांटमध्ये काही बंद पडणं. तसा निरोप आला तर झोपलेल्याला गदागदा हलवायचं.

पुढे मी ताऱ्यांच्या नादी लागले. अंतराळातल्या एका दुर्बिणीवर आम्ही देशोदेशीची मंडळी पाळीपाळीनं पहारा देतो. आकाशात कुठे स्फोट दिसला की ड्यूटीवाल्याच्या फोनवर खबर येते. त्यानं आलेख बघून खरं-खोटं ठरवायचं आणि खरा असेल तर बाकीच्या दुर्बिणींना तिकडे वळा म्हणून कळवायचं. आठवडाभर, दिवसरात्र. माझी ही पहिलीच ड्यूटी. इंटरनेट असलं की काम कुठूनही होतं, म्हणून ती मी माहेरी करायची ठरवली. आईच्या हातचं आयतं जेवण हेही कारण होतंच.

एके रात्री सूर्यानंच इतक्या खोड्या काढल्या की डोळ्याला डोळा लागला नाही. अंतराळातल्या दुर्बिणीला कसली रात्र; सगळ्या खबरा त्याच्याच भडक्यांच्या, म्हणजे आमच्या लेखी खोट्या. सकाळी फोन उशाशी ठेवून आडवी झाले. बाबांनी पाहिलं, पोरगी नाइट करून झोपली. त्यांनी पडदा ओढला, माझा फोन उचलला आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून राखण करत बसले.

फोन वाजला, त्यांनी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीनं पुण्याहून लावला. बेटी नाइट करके सोई है, शाम को लगाओ, असं बाबांनी तिला सुनावलं. ती अगदी काकुळतीला आली तेव्हा त्यांनी विचारलं, ब्रेकडाउन है क्या? ती हुशार. हो म्हणाली.

"ऊठ वं बाई, ब्रेकडाउन हाये."

मी धडपडत लॅपटॉप उघडला. आलेखात एकच उभा सुळका, पापणी लवायच्या आत संपलेला. सूर्य भलत्याच दिशेला होता. मॅग्नेटार असावा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा. आकार भिलाई-दुर्ग मिळून असेल तेवढाच, पण वजन सूर्याहून जास्त आणि चुंबकत्व कल्पनेपलीकडचं. त्या जागी असा तारा कुणाच्या माहितीत नव्हता. चुकले तर दुर्बिणी उगाच वळणार, गप्प बसले तर तो हातचा जाणार. शेवटी खरा आहे असं कळवून टाकलं.

बाबा दारात उभे होते. "म्या फोन कापला. माह्यापाई हुकलं का?"

राग तर असा आला होता की विचारू नका. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तो गिळला. स्फोट दुर्बिणीनं टिपलाय, मागे उरलेली धग इतरांना दिसते का ते बघायचं, असं खरं काय ते सांगितलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत. आईनं वाढलेलं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

संध्याकाळी दुसऱ्या दुर्बिणीकडून उत्तर आलं. धग दिसली होती, ठरावीक ठेक्यात लुकलुकत होती. मॅग्नेटारच, आणि नवा.

"म्हणजे नाही हुकलं?" बाबांनी दोनदा विचारलं. मग ताट ओढून जेवायला बसले.

शिकताना मला पुष्कळांनी जागं राहायला शिकवलं. मी झोपावं म्हणून दाराशी बसणारा हा एकच माणूस. ते मला त्या संध्याकाळी कळलं आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी झोपण्याआधी मी फोन त्यांच्या हातात दिला. "तुमच्यापाशीच राहू द्या, बाबा. वाजला का मले उठवजा."

"मी?" ते म्हणाले.

हो म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, फोनचा आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि पडदा ओढला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी गाढ झोपले.