साळवेबाईंचे कवचवाले

चार मास्तर वर्षानुवर्षं एका स्टाफरूममध्ये बसले की किस्से साचतातच. आमच्या नगरच्या शाळेतले निम्मे तर एकट्या साळवेबाईंचे!

बाई शास्त्र शिकवायच्या, मी गणित. मिशनच्या एका दवाखान्यानं टाकून दिलेला मायक्रोस्कोप बाईंनी मागून आणला आणि त्यांना गोदावरीच्या चिखलाचं वेड लागलं. त्या चिखलात म्हणे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, अंगावर कवच घेऊन राहतात. नदीच्या वाहत्या धारेतले वेगळे, पुरानं मागे ठेवलेल्या डबक्यांतले वेगळे, घाटाच्या शेवाळातले आणखी वेगळे. बाई त्यांना 'माझे कवचवाले' म्हणायच्या. सुट्टी लागली की आम्ही दोघं निघालो गोदावरीकाठच्या पुणतांब्याला!

*

एकदा परतताना स्टेशनवर पोलिसानं अडवलं. दिवस बेचाळीसच्या चळवळीचे आणि पिशवीत बाटल्या!

"काय हाय ह्यात?"

"चिखल," बाई म्हणाल्या.

"आन् चिखलात?"

"जिवंत प्राणी. हजारो."

त्यानं एक बाटली उन्हात धरून निरखली, जपून परत दिली आणि दरडावलं, "तिकिटं काढली का त्यांची?"

*

पुणतांब्यात गणपतरावांचं शेत नदीला लागून. आमची भाकरी त्यांच्याकडेच. त्यांना वाटायचं, आम्ही सोनं शोधतोय! शेवटी बाईंनी मायक्रोस्कोप त्यांच्या बांधावर मांडला. आधी धारेतला जीव दाखवला. वाळूचे बारीक कण चिकटवून त्यानं कवच बांधलेलं. मग डबक्यातला. गुळगुळीत, तपकिरी, बटणासारखा.

गणपतराव बराच वेळ वाकून बघत होते.

"बाई, धारंतल्यानं लई पक्कं बांधलंय. डबक्यातल्याला काय! त्याला कोन वाहून नेतंय?"

बाईंचा चेहरा असा फुलला, जणू वर्गात पहिला नंबर आला!

*

आमचे हेडमास्तर घाईचे. एका दुपारी त्यांनी स्टाफरूममधला पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. बाई किंचाळल्या, "सर, ते डबक्याचं पाणी होतं!"

हेडमास्तर पांढरेफटक पडले. "आता मला काय होईल हो?"

"तुम्हाला काही नाही होणार. मला मात्र परत पुणतांब्याला जावं लागणार!"

*

बाईंच्या कामाबद्दल ऐकून मुंबईहून एक प्रोफेसर आले. आले ते नेमके पूर ओसरल्या ओसरल्या. "जागेजागेचे जीव वेगळे, हे आमच्या कॉलेजात कुणाला पटत नाही," ते म्हणाले. नदीकाठी बाईंनी मायक्रोस्कोपखाली धारेचं पाणी बघितलं, डबक्याचं बघितलं. पुन्हा बघितलं.

मी हळूच म्हणालो, "सांगून टाका काहीतरी. त्यांना काय कळतंय?"

बाईंनी माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं.

"साहेब, आज फरक नाही," त्या म्हणाल्या. "पुरानं सगळं एक करून टाकलंय. थंडीत या."

प्रोफेसर हसले. मुंबईच्या गाडीत बसतानाही हसतच होते. स्टेशनवरून टांग्यातून परतताना मला बाईंचा जितका अभिमान वाटला, तितका कधी वाटला नव्हता.

*

आणि थंडीत प्रोफेसर खरंच आले!

या वेळी आम्हाला त्यांनी गणपतरावांच्या बांधावरच बसवलं. स्वतः काठाकाठानं, बूट सांभाळत फिरले आणि तीन बाटल्या घेऊन आले. चिठ्ठी नाही, खूण नाही.

बाईंनी पहिल्या बाटलीतला थेंब बघितला. "धार."

दुसरीतला. "घाटाचं शेवाळ."

प्रोफेसरांनी नुसती मान हलवली. तिसरीवर बाई वाकल्या त्या वाकल्याच. काच सरकवली, दुसरा थेंब घेतला. मला थंडीत घाम फुटला!

"साहेब," बाई वर न बघता म्हणाल्या, "ही एका जागेची नाही. अर्धं डबकं, अर्धी धार. तुम्ही एकत्र ओतलंत."

प्रोफेसर तिथेच दगडावर बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उभे राहिले.

"बाई, आता कुठल्या चिखलात उतरू?"