फिलूची टाकी

आल्विनचा फोन आला तेव्हा मी कांदिवलीच्या घरी गॅसपाशी उभी होते, एका बाजूला चहा आणि दुसऱ्या बाजूला कुकर. "मावशी, मम्मी गेली," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "म्हशींचं दूध काढून झालं का रे?" माझा मलाच राग आला. पण तो शांतपणे म्हणाला, "हो, काढूनच फोन केला. आधी केला असता तर मम्मीला आवडलं नसतं." मग मात्र आम्ही दोघंही फोन कानाला लावून रडत राहिलो... काही आठवडे झाले या गोष्टीला. फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, आरे कॉलनीत म्हशींचा तबेला चालवायची. नवरा गेल्यानंतर एकटीच्या हिमतीवर. तिच्याविषयी लिहायचं तर फुलं, अत्तर, प्रार्थना असलं काहीतरी लिहावं, असं वाटणाऱ्यांनी इथंच थांबावं. मला लिहायचंय ते शेणाबद्दल.

आमची ओळख अंधेरीच्या मराठी शाळेतली. ती तिथल्या जुन्या गावठाणातली ख्रिश्चन मुलगी, मी कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराची. एका बाकावर बसायचो आणि डबा एकमेकींचा खायचो. पुढे मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत टाक्यांची ड्रॉइंग काढायला लागले आणि ती लग्न करून तबेल्यात गेली. "तू कागदावर टाक्या काढ, मी म्हशींचं दूध काढते, बघू कोणाचं लवकर संपतं," असं म्हणायची. माझं संपलं, मी रिटायर झाले. तिचं कसलं संपतंय! गणपतीत तिच्याकडून खरवस यायचा, नाताळात मी करंज्या पाठवायचे. दर शनिवारी दुपारी मी बसने आरेत जायचे आणि तबेल्यामागच्या उंचवट्यावर, दगडी कट्ट्यावर आम्ही दोघी बसायचो. तिथून झाडीच्या वर मेट्रोची कारशेड आणि टॉवर दिसायचे. ती टॉवरांकडे बोट दाखवून म्हणायची, "या सगळ्यांच्या चहात माझं दूध, आणि वास आला की तक्रार पण हेच करणार."

वास यायचा, हे खोटं नाही. म्हशी दोन वेळा धुवाव्या लागतात. ते पाणी आणि शेण मिसळून जो पातळ काला होतो त्याला ती शेणपाणी म्हणायची. दिवाळीनंतर मळेवाले, नर्सरीवाले ते स्वतः मागून नेतात. पण पावसाळ्यात चिखलातून टँकर आत येत नाही आणि भिजलेल्या मळ्याला ते नकोही असतं. जुनी टाकी गणपतीच्या आधीच तुडुंब व्हायची. म्हणून तिच्या नवऱ्यानं एकदा भर उन्हाळ्यात, उताराला सगळ्यात खाली, मोठा खड्डा खणून त्यात जाड काळं प्लास्टिक अंथरलं. खाली का? तर शेणपाणी आपोआप वाहत जाईल म्हणून. मे महिन्यात तिथली जमीन खडखडीत कोरडी होती. पण आरेची जमीन पावसाळ्यात खालून भरते, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. श्रावणात जमिनीतलं पाणी वर आलं आणि ते प्लास्टिक टम्म पुरीसारखं फुगून वर आलं. आतलं सगळं काठावरून ओसंडलं. आधी तबेल्यातली माणसं पोट धरून हसली. मग कळलं, सगळं खालच्या पाड्याकडे गेलंय, कमळच्या भाजीच्या तुकड्यात. कमळ म्हणजे पाड्यावरची काकडी-शिराळी लावणारी बाई. ती भांडायला आली नाही. जळलेला काकडीचा वेल आणून तबेल्याच्या दारात ठेवला आणि मुकाट्यानं निघून गेली. "शिव्या दिल्या असत्या ना वसू, तर मी पण दिल्या असत्या, मोकळं झालं असतं," फिलू मला म्हणाली. तो वेल तिच्या मनातून कधी गेलाच नाही. नवरा गेल्यावर ती दर पावसाळ्यात बादल्या आणि फावडी घेऊन कशीबशी वेळ निभवायची.

गेल्या हिवाळ्यात तिला आजार निघाला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिनं मला कट्ट्यावर बसून सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "या पावसाळ्याआधी जास्तीची टाकी हवी. पक्की. कमळच्या शेतात परत एक थेंब गेलेला मला चालणार नाही." आल्विन अंधेरीला ऑफिसात नोकरी करतो. त्याचं म्हणणं, "मम्मी, अर्ध्या म्हशी काढून टाक ना. टाकीची भानगडच नको." ती म्हणाली, "म्हशी काढल्या तर मी सकाळी उठू कशाला?"

मग आमची शोधाशोध सुरू झाली. परत प्लास्टिकचा खड्डा नको, हे नक्की होतं. एक माणूस बंद रबरी पिशवी घेऊन आला, म्हणजे तिचे फोटो घेऊन. जमिनीवर पसरायची, आत शेणपाणी भरायचं, पावसाचा थेंब आत जायचा नाही. मला ती आवडली. फिलूनं विचारलं, "आणि घुशी?" त्यानं भोवती जाळी मारायचं सुचवलं, बिचारा वाईट नव्हता. पण आरेतल्या घुशींवर फिलूचा काडीचाही विश्वास नव्हता. शेवटी ठरली जमिनीवर उभी राहणारी सिमेंटची गोल टाकी, शेणपाणी पंपानं वर चढवायचं, आणि वर पत्रा. "आपण शेणासाठी टाकी बांधतोय का पावसासाठी?" असं म्हणत पत्र्याचा हट्ट तिनंच धरला. ड्रॉइंग मी काढलं. रिटायर झाल्यावर पेन्सिलीला पहिल्यांदा टोक केलं. तिनं आकडा पाहिला आणि म्हणाली, "मोठी कर."

"अगं, एवढी मोठी कशाला? तू काय..." मी मध्येच थांबले.

"बोल ना. मी काय राहणार आहे बघायला, असंच ना? मी नसले म्हणून म्हशी शेण टाकायच्या थांबणारेत का?"

जागेचा प्रश्न आला तेव्हा तर मला रडूच फुटलं. पाणी न चढणारी, गाडी पोचेल अशी एकच जागा होती, तो उंचवटा. "फिलू, तिथं आपला कट्टा आहे गं."

"माहितीये ना. आपल्याला कुठंही बसता येईल. या शेणाला दुसरीकडे कुठं बसवू?"

कट्ट्याचे दगड तिनं टाकीच्या पायात घालायला लावले. परवानग्या मिळवून, गवंड्यांच्या मागे लागून, मे संपायच्या आत टाकी उभी राहिली. पावसाळ्यात ती भरायला लागली तेव्हा फिलूला चढ चढवत नव्हता. ती गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायची. मी शिडीवरून वर जायचे, पत्र्याच्या झाकणातून लांब बांबू आत सोडायचे, ओला भाग बघायचे आणि वरून ओरडायचे, "फिलू, कमरेइतकं गं!" ती खालून ओरडायची, "झकास!" सत्तरीला आलेल्या दोन बायका शेण मोजून अशा खूश होतात, हे त्या टॉवरवाल्यांनी बघितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. मग तिला हॉस्पिटलात नेलं. तिथूनही फोन यायचा, आवाज अगदी बारीक झालेला. तब्येतीचं विचारलं की म्हणायची, "माझं राहू दे. टाकीत किती झालं?" पाऊस त्या दिवसांत थांबतच नव्हता. छातीइतकं झालं. खांद्याइतकं झालं. पुरेल की नाही, मला खात्री वाटत नव्हती. "पुरेल," ती म्हणायची, जसं काही मीच आजारी आहे... आणि एक दिवस फोन आला तो आल्विनचा.

तिची आठवण मला शनिवारी दुपारी सगळ्यात जास्त छळते. पाय आपोआप बसस्टॉपकडे वळतात. बोलायला माणसं पुष्कळ आहेत हो, पण माझं अर्धं वाक्य ऐकून पुढचं भांडण सुरू करणारी ती एकटीच होती.

परवाच्या शनिवारी गेले. पाऊस सरल्यासारखं ऊन पडलं होतं. पाड्याकडच्या वाटेवर कमळ भेटली. टोपलीत काकड्या होत्या, कोवळ्या, काट्याच्या. दोन माझ्या हातात ठेवल्या आणि पुढे गेली. तबेल्यात आल्विन म्हशी धूत होता. म्हैस एकही काढलेली नाही त्यानं. मी शिडी चढले, बांबू आत सोडला, वर काढला. काठापासून हातभर जागा शिल्लक होती. पावसाळा संपला होता आणि टाकी पुरली होती. मी गोठ्याच्या दाराकडे वळले आणि जोरात ओरडले, "फिलू, हातभर राहिलंय गं!"

ओरडल्यावर कळलं. म्हशींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. आतला पाण्याचा पाइप बंद झाला. मला खाली कसं उतरावं ते समजेना, शिडी धरून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं आतूनच आल्विनचा आवाज आला.

"मावशी, परत एकदा सांग ना. तसंच."

मी परत सांगितलं.