कूलर आणि गिटार

घरी बनवायला घेतलेल्या गिटारची वरची फळी ऐन उन्हाळ्यात फुटली, आणि फोडली ती आमच्या कूलरनं. मी कूलरसमोर बसूनच काम करायचो. ओल्या हवेनं लाकूड फुगलं होतं, आणि तशाच फुगलेल्या फळीला मी आतून पट्ट्या चिकटवल्या. मग गावातला डीपी जळाला. दोन दिवस लाईट नाही, घाटनांदूरची कोरडी झळ घरभर. फळी आकसायला निघाली, पट्ट्या तिला आकसू देईनात. भर दुपारी टक्कन आवाज झाला आणि मधोमध चीर गेली.

दुसरी फळी घेतली तेव्हा लाईट होती, तरी मी कूलर बंद केला.

"कावून बंद केला?" बायकोनं विचारलं.

"लाकडाला सोसत न्हाई."

"आन आमाला सोसतंय?"

मी पट्ट्यांना सरस लावून त्या नव्या फळीला चिकटवल्या. सरस वाळेपर्यंत फळीला हात लावायचा नसतो, आणि मला तर एका जागी बसवत नव्हतं. दारापर्यंत जायचो, परत यायचो, वाकून बघायचो, घाम तिच्यावर गळेल म्हणून मागं सरायचो. ताटावरूनसुद्धा उठलो. बायको पदरानं वारा घेत नुसती बघत होती.

शेवटी तारा चढवल्या. मला धड वाजवता येत नाही, पण एक तार छेडली आणि खोली भरून गेली. बायकोनं आवाज विरेपर्यंत ऐकलं.

"लई गोड हाय," ती म्हणाली. "आता ती घेऊन बाहेर झाडाखाली बसा. मला कूलर लावायचाय."