वाऱ्याकडं पाठ

यातलं अर्धं माझ्या बायकोला माहीत आहे. उरलेलं अर्धं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय—ते मलाही नीट कळत नाही.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. शहराची झाडलोट आणि समाजसुधारणा, हा माझा विषय. रस्ते कुणी झाडले, त्यांना पंगतीत कुणी बसू दिलं नाही—तासभर बोलतो मी. लोक हळहळतात.

माझी आई तीस वर्षं महाद्वार रोड झाडत होती. हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. आई नेसरीला असते, शेती बघते, असं मी सांगून ठेवलेलं. ती होती इथंच, सफाई कामगारांच्या चाळीत. दर रविवारी मी जायचो तिच्याकडं—म्हणजे आपण काही वाईट मुलगा नाही, असं वाटायचं. कुणाला वाटत नाही?

एकदा बिंदू चौकाजवळ माझं व्याख्यान होतं. आई न सांगता आली, मागच्या रांगेत बसली. मी सांगत होतो, झाडणाऱ्या बाया भल्या पहाटे वाऱ्याला तोंड देत खराटा चालवायच्या. वाक्य माझ्या आवडीचं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला—

"न्हाय, न्हाय! तोंड कशाला दील कोण? वाऱ्याकडं पाठ करायची. न्हायतर सगळा धुरळा नाकात जातोय की!"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. "मावशी, तुम्हीच या की हिकडं भाषणाला! सर, वळखीच्या हायत काय ह्या?"

आई बोलायला उठली होती, ती उभीच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही—नुसती थांबली, मी काय म्हणतोय ते ऐकायला.

किती वेळ लागला असता? दोन शब्द होते.

"आमच्या गल्लीतल्या आहेत," मी म्हणालो.

"व्हय," आई म्हणाली, "गल्लीतलीच हाय." आणि पदर सावरून खाली बसली.

रविवारी गेलो, तर नेहमीसारखं ताट वाढलं तिनं. मी जेवलो. त्यानंतर आई सात वर्षं जगली; माझ्या एकाही व्याख्यानाला आली नाही.

ते वाक्य मी दुरुस्त करून घेतलं. आता सांगतो—वाऱ्याकडं पाठ करून झाडायच्या. कुणीतरी हटकून विचारतं, सर, एवढं बारीक कुठं वाचलंत?

एका कामगार बाईंनी सांगितलं, म्हणतो मी. गेल्या महिन्यातही तेच म्हणालो.