टकटकमामांनी दार वाजवलं

त्यांचं खरं नाव विचारायची कुणाला कधी गरजच पडली नाही. पाडलेल्या घरांची जुनी दारं आणायची, रंग खरवडायचा, दुरुस्ती-पॉलिश करून विकायची, हा त्यांचा धंदा. आणि दार हातात आलं की आधी बोटांच्या पेरांनी ते वरपासून खालपर्यंत वाजवून बघायचं, ही त्यांची खोड. भरीव वाजलं तर लाकूड धड. पोकळ वाजलं तर आत किड्यांनी कारभार आटोपलाय असं समजायचं. म्हणून ते टकटकमामा. "लग्नात बसायच्या आधी खुर्चीसुद्धा वाजवून बघितली हो ह्यांनी," मामी हसत हसत सांगायच्या.

हे सांगायच्या तेव्हा मामी धडधाकट होत्या. पुढे त्यांना काही आठवेनासं झालं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घरचा रस्ता, मग माणसं. दोनदा भलत्याच गल्लीत सापडल्यावर मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून ते त्यांना वर्कशॉपमध्ये सोबत आणू लागले. कोपऱ्यात खुर्ची दिली, गुडघ्यांवर शाल घातली आणि शटर आतून लावून घेतलं.

पण झालं काय, मामांनी दार वाजवलं की मामी लगबगीने उठायच्या. "आले, आले! हे आले वाटतं!" म्हणत भिंतीला टेकवलेलं दार ओढायला लागायच्या. आता त्या दारामागे काय असणार? भिंत! एकदा तर अख्खं सागवानी दार अंगावर येत होतं, ते मामांनी पाठीवर झेललं.

"अगं, हे म्हणजे मीच ना! मी इथेच आहे की!" मामा कळवळून सांगायचे.

"असं का," म्हणून मामी परत खुर्चीत बसायच्या. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाचं ऐकून घ्यावं, तशा.

शेवटी मामांनी कानाला खडा लावला. दार वाजवायचं नाही. उभ्या जन्माची सवय सोडून माणूस नुसत्या नजरेने लाकूड पारखायला लागला, आणि व्हायचं तेच झालं. चकाचक पॉलिश केलेलं एक दार गिऱ्हाइकाच्या घरी बिजागरीसकट उखडून आलं. आत सगळा भुगा. गिऱ्हाईक भला माणूस, एवढंच म्हणाला, "मामा, आता आराम करा." त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मुलीच्या कानावर हे गेलं. ती तडक आली.

"बाबा, आईला मी घेऊन जाते. तुम्हाला झेपत नाहीये."

"ती माझ्याशिवाय राहायची नाही."

"ती तुम्हाला ओळखते तरी का?"

मामा भडकलेच. "ओळखत नाही? आयुष्यभराचा संसार आहे आमचा! अजून माझ्यासाठी दाराकडे धावते ती, कळलं?"

"धावते हो," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण तुम्ही समोर असता तेव्हा?"

"बघू, कळवतो," म्हणून मामांनी तिला वाटेला लावलं. माणूस गेलं तर चार लोकांत रडता तरी येतं. समोर बसून चहा पिणाऱ्या बायकोसाठी कुणापुढे रडायचं? आणि मुलीचं खरं निघालं तर मामी जाणार, मग घरात जगायचं तरी कशासाठी?

त्याच सुमारास एक दार चौकटीसकट आलं होतं. मामांनी त्याचा निळा रंग उतरवला, भेगा सरसात कालवलेल्या भुशाने बुजवल्या, काचकागद मारला, लाखेच्या पॉलिशचे हात दिले. मग वर्कशॉपच्या मधोमध चौकट उभी केली, टेकू लावले आणि दार टांगलं. नीट मिटतंय का बघायला ते पलीकडे गेले, दार ओढून घेतलं आणि तिथेच थबकले. आजवर ती दार ओढायची ते नुसतं कलंडायचं, मागे भिंत निघायची. आज दार उघडलं आणि समोर मीच दिसलो तर? वेडी आशा! पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना. मामांनी केसांतला भुसा झटकला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दार वाजवलं.

"आले, आले!"

दार उघडलं. मामींचा चेहरा नुसता फुलला होता. मामांना बघितलं आणि तो उतरला.

"हे घरी नाहीत," त्या म्हणाल्या.

मामींनी मागे रिकाम्या वर्कशॉपकडे वळून पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"तुम्ही सभ्य दिसता म्हणून सांगते. इथे एक म्हातारा असतो. वाईट नाही हो बिचारा, वेळेवर खायला घालतो. पण शटर लावून ठेवतो, कुठे जाऊ देत नाही. आमचे हे भेटले तर सांगाल का, मला इथून घेऊन जा म्हणून? रोज वाट बघते मी."

मामांनी चौकटीला हात टेकला.

"सांगतो," ते म्हणाले. "आजच सांगतो."

"विसरू नका हं," म्हणत मामींनी दार लावून घेतलं. ते छान बसलं, कुठेही घासलं नाही.

मामांनी पलीकडे उभ्या उभ्याच मुलीला फोन लावला.

"ने तिला," ते म्हणाले. "आजच ये. आणि तिने विचारलंच, तर सांग, तुझ्या नवऱ्यानेच न्यायला पाठवलंय म्हणून."