उघडा डावा पाय

अंगदच्या बापानं त्याला सोंग शिकवायच्या आधी सोंगातली खोट शिकवली. अंगद तेव्हा बापाच्या कमरेएवढा होता. बापानं खाकी सदरा चढवला, पट्टा आवळला, टोपी भुवईपर्यंत ओढली, मिशीवरून काजळाचं बोट फिरवलं आणि उजव्या पायात बूट घालून उभा राहिला. डावा पाय उघडाच. पोरगं दुसरा बूट हुडकायला लागलं, तसा बापानं त्याचा कान धरला.

"तो न्हाईच. डावा पाय उघडा ठिवायचा. आपलं सोंग बघून कुनाचं काळीज हाललं, तर त्याला खाली बघून कळलं पायजे, का हा बहुरूपी हाय. वरनं भ्या दाखवायचं, खालनं अभय द्यायचं."

आणि दुसरा नियम असा, की भीती दिली तर हसू देऊनच उंबरा सोडायचा. रडत्या घरातनं पसाभर दाणेसुद्धा उचलायचे नाहीत.

बहुरूप्यांच्या घराघरात सोंगं वाटलेली असतात. कुणाकडे वैद्य, कुणाकडे ज्योतिषी, कुणाकडे भांडकुदळ सासू. अंगदच्या घरात तीन पिढ्या पोलीस. श्रीरामपूरच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांची वस्ती होती. सुगी झाली की तो निघायचा आणि गावोगाव हिंडत थेट अकोले तालुक्यातल्या डोंगरापर्यंत जायचा. गावात शिरल्यावर आधी दुकानावर चहा घ्यायचा, गप्पांच्या ओघात एखाद्या घरच्या कर्त्या पोराचं नाव काढून घ्यायचा आणि मग त्या दारावर काठी आपटायचा. "पकडवॉरंट हाय!" घर क्षणभर गार पडायचं. लगेच अंगद गुन्हा वाचायचा: ह्या इसमानं कोंबडीच्या लग्नात मांजराला मानाचा फेटा बांधला, सबब ह्याला पिठल्याच्या पातेल्यात आंघोळीची शिक्षा. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. म्हातारी माणसं त्याच्या पायाकडे बोट दाखवून नातवंडांना म्हणायची, बघ, पाय बघ. त्या क्षणी अंगदला वाटायचं, आपल्यासारखा राजा नाही. घाबरलेला चेहरा हसू लागतो तेव्हा त्यावर जे ऊन पडतं, ते त्यानं हजारो दारांत पाहिलं होतं आणि त्याला त्याचा कधी वीट आला नव्हता.

पण दिवस पालटले. दारं लागलेली असायची. तरणी पोरं मोबाईलमधून मान वर करायची, पायाकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. भीती नाही, त्यामुळे हसूही नाही.

त्यातच नगरला लोककलेचं संमेलन झालं. अंगदनं मंचावर सोंग केलं. टाळ्या पडल्या. नंतर परीक्षकांपैकी एका सज्जन गृहस्थानं त्याला बाजूला घेतलं आणि मायेनंच सांगितलं, की आवाज, चाल, नजर सगळं अव्वल आहे, फक्त तो पाय रसभंग करतो. कलावंतानं प्रेक्षकाला पूर्ण विसरायला लावलं पाहिजे. अंगदनं मान डोलावली. खोट मुद्दाम ठेवतो, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पन्नाशी उलटून गेल्यावर कुणीतरी त्याला पहिल्यांदा कलावंत म्हटलं होतं. तो शब्द हातातून निसटू नये म्हणून तो गप्प राहिला.

जावई आदिनाथ साखर कारखान्यावर पहारेकरी होता. त्याचे जुने बूट अंगदनं मागून आणले. दोन्ही. पॉलिश केले आणि पायात घालून आरशापुढे उभा राहिला. आरशात पोलीस होता. अंगद कुठेच नव्हता.

मनकर्णा, त्याची बायको, चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं एकदाच वर पाहिलं.

"मग मी पन आता फौजदारीनबाई का? उद्यापासनं भाकरी कोन थापनार, हवालदार?"

तो हसला. ती हसली नाही. सासऱ्यांनी जे झाकायचं न्हाई म्हनून सांगितलं ते झाकू नका, एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या दिवशी दुपारी तो राहुरीकडच्या एका वस्तीवर पोचला. कालव्याला आवर्तन सुटलं होतं. दोन्ही काठ भरून पाणी चाललं होतं आणि उसातून त्याचा घुमणारा आवाज येत होता. दुकानावर त्यानं नाव काढलं: साळूबाईचा धाकटा, हर्षल. चार दिवस झाले, घराबाहेर पडला नाही, बरं नसेल, असं दुकानदार म्हणाला. तिथंच अंगदनं सावध व्हायला हवं होतं. पण रस्त्यात दोन माणसांनी त्याला बघून सायकलवरून उतरून नमस्कार केला होता आणि तो नमस्कार त्याच्या डोक्यात चढला होता.

त्यानं दारावर काठी आपटली. "हर्षल कोन? बाहेर या. पकडवॉरंट हाय."

साळूबाई दारात आली. तिनं टोपी पाहिली, पट्टा पाहिला, आणि मग तिची नजर सावकाश खाली पायांवर गेली. बूट होते, दोन्ही पायांत. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना अंगदनं पाहिलं. इथं कोंबडीचं लग्न लावायचं. जीभ तयार होती. पण तो थांबला. एक श्वास, फार तर दोन. असा अस्सल परिणाम त्यानं किती वर्षांत पाहिला नव्हता. उत्तम वठलेलं सोंग आपल्याच डोळ्यांनी बघावं, इतकाच त्याचा मोह.

तेवढ्यात आत भांडं पडलं. मागच्या दाराची कडी वाजली आणि ऊस सळसळला.

साळूबाई त्याच्या पायांवर कोसळली. "सायेब, मुद्दाम न्हाई हो केलं त्यानं. सायकलवाला आडवा आला. अंधार हुता. पोरगं भ्यालं आन् गाडी तशीच पळवली. चार दिस घास गिळला न्हाई त्यानं. सायेब, तो कालव्याकडं गेला. त्याला पव्हता येत न्हाई."

एका घराचं गुपित अंगदच्या बुटांवर येऊन पडलं होतं आणि त्याला ते घ्यायचा काडीचाही अधिकार नव्हता.

आरडाओरड ऐकून उसाला पाणी देणारी माणसं धावत आली. दहा-बारा असतील. साहेब म्हणून सगळे अदबीनं उभे राहिले. हुकूम केला असता तर उसात शिरलेही असते. पण पोरगं खाकीला भिऊन पळालं होतं. खाकीनं पाठवलेली माणसं उसात दिसली, तर ते पाण्यात पाय टाकणार. त्याला काठावर रोखील असा एकच शब्द होता, आणि तो शब्द इथं उच्चारला की आपलं काय होईल, हेही अंगदला कळत होतं. पोलिसांच्या वेशात पोरं पळवणारी टोळी फिरते, हा निरोप महिनाभर मोबाईलवर फिरत होता. अशाच अफवेवर परक्या मुलखात भिक्षेकरी माणसं ठेचली गेल्याच्या गोष्टी त्यांच्या वस्तीत दबक्या आवाजात सांगितल्या जायच्या.

त्यानं टोपी काढली. "मी पोलीस न्हाई. मी बहुरूपी हाय."

मग गोरक्ष नावाच्या तरण्या गड्यानं त्याची कॉलर धरली. बाकीचे जवळ सरकले. अंगदला त्यांच्या अंगाचा घाम आणि ओल्या मातीचा वास आला. तेवढ्यात मागून सूर्यभान पुढे आला. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस. अंगदला वाटलं, सुटलो. हा माणूस जुना आहे, ह्याला माहीत असेल.

सूर्यभाननं वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं.

"मी ल्हानपनापासनं बहुरूपी बघितलेत," तो शांतपणे म्हणाला. "त्यांचा डावा पाय उघडा आसतो. ह्याचे दोन्ही झाकल्यात. हा बहुरूपी न्हाई."

पहिली काठी खांद्यावर बसली. अंगद गुडघ्यांवर आला. बापाचा आवाज त्याला इतका जवळून ऐकू आला, की जणू कान अजून त्याच्या हातातच होता. सोंग म्हणजे दोघांनी मिळून धरलेलं खोटं. बघणाऱ्याला कळायची वाट ठेवली नाही, की ती फसवणूक. ती वाट त्यानं स्वतःच्या हातानं पॉलिश करून बंद केली होती. म्हातारा चुकला नव्हता. चुकला होता तो स्वतः.

"माय," तो साळूबाईला म्हणाला, "मला मारायचं तर मागनं मारा. आधी पोराला हाक मारू द्या. पोलीस न्हाई म्हनून त्याला म्याच सांगायला पायजे."

गोरक्षनं काठी पुन्हा उगारली होती. साळूबाई मध्ये आली. पोरगं पान्यात गेलं तर ह्याला मारून मी काय करू, सोडा, असं म्हणत तिनं अंगदला हाताला धरून उठवलं आणि उसाच्या वाटेला ओढलं. बाकीचे काठ्यांसकट मागे.

कालव्याच्या काठाशी आल्यावर सगळे थबकले. पलीकडे, जिथं उतरायला दोन दगडी पायऱ्या होत्या, तिथं हर्षल कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एका हातात काठावरच्या गवताचा झुबका. खाकी दिसताच तो आणखी एक पाऊल आत सरकला. पाण्यानं त्याचा सदरा ओढला. गवताची मुळं सुटताना दिसत होती.

अंगद बसला. त्यानं डाव्या बुटाचे बंद ओढले, गाठ बसली, दातांनी तोडली आणि बूट उपसून कालव्यात फेकला. बूट एकदा बुडाला, वर आला आणि हर्षलच्या पुढून वाहत गेला. पोरगं त्याच्याकडे बघतच राहिलं.

मग अंगद उभा राहिला. एक पाय उंच, एक पाय ठेंगू. तोंड उघडलं तर आवाज नाही. साऱ्या जन्मात असं झालं नव्हतं. पाठीमागे काठ्या होत्या, पुढे पाणी होतं. हसवायचं होतं आणि गाल लटपटत होते. त्यानं थुंकी गिळली, छाती फुगवली आणि फाटक्या आवाजात सुरू केलं.

"हुकूम हाय! हर्षल नावाच्या इसमानं कोंबडीच्या लग्नात मांजराला मानाचा फेटा बांधला! मांजरानं आहेर म्हनून उंदीर आनला! नवरी रुसली, वरमाय खुराड्यावर बसली, सबब ह्या इसमाला पिठल्याच्या पातेल्यात आंघोळीची शिक्षा! साक्षीदार कोन? आंधळं कुत्रं. वकील कोन? मुका पोपट..."

तो लंगडत काठावरून चालला. उघड्या पायात काटा मोडला, तरी थांबला नाही. कुणीच हसत नव्हतं. शिक्षा वाचून संपली, की दुसरा गुन्हा. दुसरा संपला, की तिसरा. आवाज फाटत गेला आणि शेवटी तर तो नुसता रडत बोलत होता.

तेव्हा पाठीमागून एक खुसखुस आली. सूर्यभान. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते आणि डोळ्यांत पाणी होतं. "ह्याचा बाप यायचा वस्तीवर. त्याचीच चाल हाय ही," तो गोरक्षला म्हणाला. "ठेव ती काठी खाली."

हर्षल हसला नाही. त्याची नजर अंगदच्या उघड्या पायावर खिळली होती.

"तुमी खरे न्हाई?"

"न्हाई रे लेकरा. पाय बघ माझा."

पोराच्या चेहऱ्यावर ऊन पडेल म्हणून अंगद वाट बघत होता. हजारो दारांत पडलं होतं तसं. पण तो चेहरा उलट आणखीच काळवंडला.

"मग मी आता सांगू कुनाला?" हर्षल म्हणाला.

पलीकडे पुलावरून फिरून जावं लागत होतं. दोघं गडी तिकडे पळाले आणि त्यांनी त्याला बखोटीला धरून वर काढलं आणि अलीकडे आणलं. तो त्यांना ढकलत नव्हता. मायलेक काठावर बराच वेळ एकमेकांना धरून बसले. कुणीतरी अंगदला पाणी दिलं. दाणेही देऊ केले. त्यानं हात जोडले, घेतले नाहीत.

तो निघाला, तर हर्षल मागे आला. ठाण्यात जायचं, पण एकट्यानं पाय उचलत नाही, तुम्ही चला, एवढंच त्याचं म्हणणं. अंगदच्या लोकांना ठाणं माहीत होतं ते चोरीच्या संशयावरून आत घेतल्यामुळे. अंगावर खाकी घालून तिथं पाऊल टाकणं म्हणजे वाघाचं कातडं पांघरून वाघाच्या गुहेत जाणं. नाही म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता.

पण भीती दिली, तर घर रडतं ठेवून उंबरा सोडायचा नाही, हा नियम होता.

ठाण्याच्या फाटकाबाहेर त्यानं सदरा काढून घडी केली आणि काखेत धरली. बनियनवर, एका पायात बूट, दुसरा पाय काट्यानं रक्ताळलेला. पायरीवर त्यानं पोराचा दंड इतका घट्ट धरला होता, की कोण कुणाला आणतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं. साळूबाई मागून येत होती, पदर दातात धरून.

आत टेबलामागे बसलेल्या हवालदारानं मान वर केली. आधी पोराचे ओले कपडे पाहिले, मग काखेतली खाकी घडी. त्याच्या कपाळावर आठी चढली. खुर्ची मागे सरकली. अंगदनं डोळे मिटून घेतले.

त्यानं डोळे उघडले, तर हवालदार टेबलावरून वाकून खाली बघत होता.

"बहुरूपी का?"

अंगदनं मान हलवली.

"बसा बाबा. आन् हा कोन?"

हे अंगदनं सांगायचं नव्हतंच. त्यानं फक्त पोराच्या पाठीवर हात ठेवला. हर्षलनं एकदा त्या उघड्या पायाकडे पाहिलं, मग वर, खऱ्या पोलिसाच्या डोळ्यांत.

"सायेब," तो म्हणाला, "तो सायकलवाला जित्ता हाय का?"